‘मोटरच गेली’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शिरूरला पुणे-नगर रस्त्यालगत असो की दौंडला, गाडीची काच अडली की मालकाच्या कानावर पहिलं वाक्य पडतं, ‘मोटर गेली’, आणि लगेच दुसरं, ‘पूर्ण सेटच टाकून घ्या’. या दोन वाक्यांच्या मधे दार उघडलेलं नसतं, फ्यूज काढून पाहिलेला नसतो, शेजारच्या दाराचं बटण इकडे लावून बघितलेलं नसतं. यावर हरकत घेतली की एक तयार युक्तिवाद समोर येतो. आता तर मेस्त्रींपेक्षा गाडीमालकच तो जास्त हिरिरीने मांडतात: दुरुस्तीचा जमाना गेला, आताच्या गाड्या इलेक्ट्रॉनिक आहेत, तालुक्याच्या गावात शोधाशोध करून दिवस घालवण्यापेक्षा पार्ट बदलून मोकळं व्हावं, आणि तेही जमत नसेल तर गाडी सरळ पुण्याला न्यावी.

हा युक्तिवाद मला मुळापासून अमान्य आहे. जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी मी हे म्हणत नाही. काचेच्या बाबतीत तो तांत्रिकदृष्ट्या चुकीचा आहे, खिशाला महाग आहे आणि काही प्रसंगी धोक्याचा आहे.

विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा वेळेचा. तो खोटा नाही. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कामगारांची ने-आण करणारी गाडी एक दिवस गॅरेजात उभी राहिली तर त्या दिवसाचं भाडं बुडतं. ऊस हंगामात शेत, कारखाना आणि घर अशा फेऱ्या मारणाऱ्या माणसाला दुपारभर ताटकळत बसणं परवडत नाही. म्हणून तो म्हणतो, ‘पैसे घ्या, पण आत्ता करा.’ माझं म्हणणं असं की ज्याला वेळ नाही त्याच्यासाठीच तपासणी आधी हवी. काच का चालत नाही याचं निम्मं उत्तर दाराचं पॅड न काढता, पाना न लावता, पाच मिनिटांत मिळतं. सेट बदलायला दोन तास जातात, आणि दोष दुसरीकडे असेल तर तेच दोन तास पुन्हा द्यावे लागतात.

पाच मिनिटांत काय कळतं? चारही काचा एकदम बंद पडल्या तर चार मोटारी एकाच वेळी जळाल्या असं मानायला काहीही आधार नाही. तिथे फ्यूज, रिले किंवा ड्रायव्हरच्या दारावरच्या मुख्य स्विचला मिळणारा करंट आणि अर्थ, एवढंच बघायचं. मागची काच मागच्या बटणाने चालते आणि ड्रायव्हरच्या बटणाने चालत नाही, तर मोटर चांगली आहे हे तिथेच सिद्ध झालं. दोष मुख्य स्विचकडे. उलट ड्रायव्हरकडून चालते आणि मागून चालत नाही, तर आधी मुलांसाठी दिलेलं लॉकचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते पाहायचं. काच खाली जाते पण वर येत नाही, तर पहिला संशय बटणाच्या आतल्या संपर्कावर. दारातून मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि काच जागची हलत नाही, तर मोटर जिवंत आहे. तुटलंय ते काच उचलणारं मशीन, त्याची तार किंवा प्लास्टिकची क्लिप. दार जोरात आपटल्यावर काच चालू होत असेल तर मोटारीतले कार्बन घासलेले असतील किंवा बिजागरीजवळ तार तुटत आली असेल. दार अर्धं उघडून बटण दाबलं की चालते आणि लावून दाबलं की चालत नाही, तर ती तारच. हे सगळं ऐकायला आणि बघायला फक्त कान आणि बोट लागतं.

पुढे जायचं तर सर्किट समजून घ्यावं लागतं, आणि ते अवघड नाही. बहुतेक साध्या गाड्यांत बटण मोकळं असताना मोटारीच्या दोन्ही तारा अर्थवर असतात. बटण वर ओढलं की एका तारेला बारा व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थवरच राहते. खाली दाबलं की उलट. करंटची दिशा बदलली की मोटर उलटी फिरते. यातली खोच अशी की प्रवासी दारांच्या मोटारींना अर्थ बऱ्याचदा ड्रायव्हरच्या मुख्य स्विचमधून फिरून मिळतो. म्हणजे मागच्या डाव्या दाराची काच बंद पडण्याचं कारण पुढच्या उजव्या दारात असू शकतं. हे ज्याला माहीत नाही तो मागची मोटर बदलणार, काच चालणार नाही, मग मागचं बटण बदलणार, तरी चालणार नाही, आणि शेवटी ‘वायरिंगचा प्रॉब्लेम आहे, पुण्याला न्या’ म्हणणार. मालकाने तोवर दोन पार्टचे पैसे मोजलेले असतात.

मोटारीच्या कपलरवर मीटर लावून बारा व्होल्ट दिसले की ‘करंट येतोय, म्हणजे मोटरच गेली’ असा निष्कर्ष काढतात. इथेही घाई आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तारेतल्या सगळ्या बारीक काड्या तुटून एकच शिल्लक असली तरी मीटरवर बारा व्होल्ट पूर्ण दिसतात. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचलेलं दिसतं, पण त्यावर रान भिजेल की नाही हे दारं धरल्यावरच कळतं, तसंच हे. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, बटण दाबलेलं असताना, मोटारीवर भार असताना व्होल्टेज मोजायचं. ते आठ-नऊवर कोसळत असेल तर मोटारीला दोष देऊ नका, तिला खायलाच मिळत नाही. मीटर नसेल तर हेडलाइटचा जुना बल्ब तारांवर लावून बघा; तो झगझगीत पेटला तर करंट खरा. हे काम आपल्याकडचे जुने ऑटो इलेक्ट्रिशियन डोळे झाकून करत आले आहेत. ती विद्या इथे आहे. ती वापरायची सवय सुटत चालली आहे, आणि ‘पार्ट बदला’ म्हणणारे तिला आणखी सोडायला सांगत आहेत.

आता त्यांच्या सगळ्यात लाडक्या पुराव्याकडे वळतो: ‘मोटर बदलली आणि काच चालू झाली की नाही? मग मोटरच गेली होती ना!’ हा पुरावा नाही. मोटर बदलताना कपलर निघतो आणि पुन्हा बसतो, तेवढ्यानेही त्यातला गंजलेला संपर्क घासून साफ होतो. दाराचं पॅड काढताना तारा हलतात आणि तुटत आलेली तार तात्पुरती जुळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवी मोटर नवी असते. जुनीला जे ओझं झेपेना ते ती काही महिने ओढते.

हे ओझं कुठून येतं हे शिरूर-दौंडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. दोन्ही तालुके पर्जन्यछायेत. घोड आणि भीमेच्या कालव्यांनी ऊस आला, पण हवा कोरडी ती कोरडीच, उन्हाळा चाळिशी ओलांडणारा. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा अशा कारखान्यांच्या ओढीने वर्षानुवर्षं उसाच्या गाड्यांनी दळलेले कच्चे रस्ते, केडगाव-यवत पट्ट्यातली गुऱ्हाळं, चौफुल्याहून शिरूरकडे येणाऱ्या रस्त्यावरची जड वाहतूक. या सगळ्याची धूळ काचेच्या दोन बाजूंच्या रबरी खाचांत बसते. दिवसा तापलेलं रबर कडक होतं, त्याच्या आतली मऊ लव झिजते, आणि काच त्या खाचेत घासून वर जाऊ लागते. मोटर जास्त करंट ओढते, तापते. बहुतेक मोटारींच्या आत उष्णतेने करंट तोडणारा एक छोटा रक्षक असतो. तो मोटर वाचवण्यासाठी तिला थांबवतो. मालक बटण पुन्हा पुन्हा दाबतो, काच मधेच अडकलेली, मोटर गप्प. गॅरेजात निदान होतं, मोटर गेली. पण ती गेलेली नसते. पंधरा-वीस मिनिटं थंड झाली की पुन्हा चालते. तिला थांबवणारी धूळ मात्र जागीच असते, आणि त्याच खाचेत नवी मोटर बसवली की तीही त्याच वाटेने जाते. वर्षा-दोन वर्षांत त्याच दाराला दुसरी मोटर टाकलेल्या गाड्या आपल्या भागात कमी नाहीत. अशा मालकाला कुणीतरी सांगायला हवं होतं की ओल्या फडक्याने खाच पुसून, वाळवून, त्यावर सिलिकॉनचा फवारा मारणं हे पहिलं काम आहे, आणि रबर फाटलं असेल तर ते बदलणं दुसरं.

सिलिकॉनच का म्हणतो? कारण याच्या उलट टोकाचीही एक मंडळी आहे. त्यांना काहीच बदलायचं नसतं. ती काचेच्या रबराला इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावतात आणि अडलेल्या बटणात कसलाही स्प्रे सोडतात. तेलाने रबर फुगतं आणि धूळ आणखी धरून ठेवतं. बटणातला स्प्रे तर याहून वाईट. ऑक्टोबर २०१२ मध्ये टोयोटाने जगभरातल्या ७४ लाखांहून अधिक गाड्या ड्रायव्हरच्या दारावरच्या काच-स्विचसाठी परत बोलावल्या. आत लावलेलं ग्रीस सगळीकडे सारखं नव्हतं, त्यामुळे बटण अडखळायचं. आणि कंपनीने स्वतःच बजावलं की हे अडखळणं घालवायला बाजारातलं वंगण आत मारलं तर स्विच वितळू शकतो. होंडाचं प्रकरण आपल्या आणखी जवळचं आहे. जानेवारी २०१० मध्ये होंडाने जगभरातल्या साडेसहा लाखांच्या आसपास जॅझ आणि सिटी गाड्या बोलावल्या, कारण उघड्या काचेतून आत आलेलं पाणी मुख्य स्विचमध्ये शिरून तो पेटण्याचा धोका होता. दक्षिण आफ्रिकेत अशाच एका गाडीला लागलेल्या आगीत एक लहान मूल गेलं होतं. सप्टेंबर २०११ मध्ये याच स्विचसाठी भारतातल्या ७२ हजारांहून अधिक जुन्या सिटी गाड्या बोलावल्या गेल्या. काचेचं बटण ही क्षुल्लक गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आकडे एकदा वाचावेत.

म्हणून वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं किंवा मोटारीला बॅटरीवरून थेट लाइन देणं याला मी दुरुस्ती मानत नाही. काच-मोटर अडकली की नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. फ्यूज उडतो तो त्यासाठीच. तो काढून टाकला की उरलेली सगळ्यात कमजोर गोष्ट म्हणजे दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतली बारीक तार, आणि ती जळते गालिच्याशेजारी. या तारेचं दुखणं तर खास आपल्या वापराचं आहे. ड्रायव्हरचं दार दिवसातून असंख्य वेळा उघडतं, नळीतली तार प्रत्येक वेळी वाकते, आणि काही वर्षांनी आतून तुटते. वरचं आवरण शाबूत दिसतं. नळी सरकवून प्रत्येक तार हलक्या हाताने ओढून बघायची. जी लांबते ती तुटलेली. नवी तेवढ्याच जाडीची तार घालून सोल्डर करायची, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवायची. खर्च किरकोळ, काम पक्कं.

‘आताच्या गाड्या इलेक्ट्रॉनिक आहेत’ या वाक्यात थोडं तथ्य आहे, आणि तेवढं मी देतो. एका स्पर्शात वर जाणाऱ्या, मधे हात आला तर आपोआप खाली येणाऱ्या काचांच्या मोटारीला स्वतःचं छोटं नियंत्रण असतं. तिला बाहेरून थेट बारा व्होल्ट देऊन बघू नये. कंपनीचं वायरिंग रेखाचित्र हवं, स्कॅनर असेल तर उत्तम. पण या गाड्यांचा सगळ्यात जास्त दिसणारा दोष कोणता? बॅटरी बदलली किंवा काढून लावली की काच वरची हद्द विसरते. एका स्पर्शात जात नाही, किंवा वर जाऊन परत खाली येते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं की ती पुन्हा शिकते. नेमकी रीत गाडीसोबतच्या पुस्तिकेत असते. याला एक रुपयाही लागत नाही. आणि हात आल्यावर उलट फिरणारी काच धुळीच्या खाचेलाही हातच समजते. म्हणजे इलेक्ट्रॉनिक गाडीतही प्रश्न पुन्हा रबरापाशी येतो.

‘आपल्याकडे जमत नाही, पुण्याला न्या’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात फियाट इंडियाच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास तयार होते. टाटाची नेक्सॉनही तिथे बनली. दारात मोटर, मशीन, रबर आणि काच बसवून, ती वर-खाली तपासून गाडी बाहेर सोडण्याचं काम याच तालुक्याच्या मातीवर होतं. रांजणगावच्या गणपतीशेजारी जे जोडता येतं ते शिरूरच्या बाजारात उघडता येणार नाही, असं मानण्याचं कारण काय? कमी पडते ती माहिती आणि सुटे भाग मिळण्याची सोय. त्याचा दोष मेस्त्रीच्या बुद्धीला देऊ नका.

आणि ती सोय कुणी अडवून धरली होती हे कागदावर नोंदलेलं आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर निर्णय देताना १४ गाडीकंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठपका असा होता की या कंपन्या अस्सल सुटे भाग, निदानाची साधनं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू देत नाहीत. आयोगाने हेही सांगितलं की बाहेर काम केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; बाहेरच्या सदोष कामाने जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाच्या रकमेवर वाद झाला, पण आयोगाने मांडलेलं निरीक्षण गावोगावच्या मेस्त्रीचा अनुभवच होता. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनक्षेत्र घेतलं, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टलही सुरू केलं. हक्क कागदावर येत असताना आपणच ‘दुरुस्तीचा जमाना गेला’ म्हणू लागलो, तर तो हक्क मागणार कोण?

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कुणी माझ्या तोंडी भलतं घालणार नाही. सगळंच दुरुस्त करावं असं मी म्हणत नाही. काच उचलणाऱ्या मशीनची पोलादी तार उसवून गुंता झाला असेल किंवा प्लास्टिकचं ड्रम फुटलं असेल तर ते मशीन बदलाच. त्याला गाठी मारून चालवणं म्हणजे काच एखाद्या रात्री दारात कोसळायची वाट पाहणं. आर्मेचर जळाल्याचा वास येत असेल तर मोटर बदला. मुख्य स्विचमध्ये पाणी शिरून पट्ट्या करपल्या असतील तर तो साफ करून पुन्हा लावू नका. पण मशीन तुटलं म्हणून चालू मोटर भंगारात टाकू नका, बहुतेक मॉडेलना दोन्ही वेगवेगळे मिळतात. भाग बदलायला माझा विरोध नाही. बदलण्याआधी दोष ठरलेला असावा, एवढा माझा आग्रह आहे.

जे बदलतात त्यांच्या कामातली एक खोट मात्र सांगायलाच हवी, कारण तिची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. दाराच्या पॅडमागे एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. काचेवरून दारात उतरणारं पाणी तो आतल्या बाजूला येऊ देत नाही आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जाऊ देतो. घाईत सेट बदलणारे हा पडदा फाडतात आणि तसाच सोडतात. मग पाणी पॅडवर, स्पीकरवर, बटणांवर येतं. तळाची भोकं धुळीने बुजलेली असली तर दारात पाणी साठतं आणि नव्या मोटारीलाच गंज चढतो. पडदा पुन्हा नीट चिकटवायला आणि भोकं तारेने मोकळी करायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं वाचवून कुणाचा वेळ वाचतो?

गाडीमालकांनाही यात वाटा उचलावा लागेल. तपासणीचे वेगळे पैसे द्यायला आपण तयार नसतो. मेस्त्रीने तासभर शोधून एक अर्थचा स्क्रू आवळला आणि दोनशे रुपये मागितले तर आपण हुज्जत घालतो. त्यानेच काही हजारांचा सेट टाकला तर निमूट देतो. मग त्याने काय शिकावं? निदानाला मोल द्या, तर निदान करणारा तयार होईल. आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या पोरांना विजेचं गणित शिकवलेलं असतं. गॅरेजात आल्यावर वर्षभरात ते विसरायला लावणारे आपणच.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘मोटर गेली’ म्हणालं तर एवढंच मागा: साध्या काचेची मोटर असेल तर ती बाहेर काढून, बॅटरीवर लावून, दोन्ही दिशांना फिरत नाही हे माझ्यासमोर दाखवा, नियंत्रण असलेली असेल तर स्कॅनरवर दाखवा. फिरली तर तीच परत बसवा आणि दोष शोधायला लागा, मी थांबतो. फिरली नाही तर नवी घाला, जुनी माझ्या डिकीत ठेवा, आणि नवी बसवण्याआधी काचेची खाच माझ्या डोळ्यांदेखत पुसून घ्या.